कोचीला जाताय? चिनी जाळ्यांसमोर फोटो काढण्याआधी हे वाचा

इन्स्टाग्रामवर 'फोर्ट कोची' शोधलं की एकच दृश्य पुन्हा पुन्हा दिसतं. मावळता सूर्य आणि पाण्यावर झुकलेलं भलंमोठं मासेमारीचं जाळं. बरेच पर्यटक तो फोटो काढतात आणि लगेच मुन्नार किंवा अलेप्पीच्या वाटेला लागतात.

पण केरळच्या या जुन्या बंदरात एक अख्खा दिवस काढला, तर इथल्या इमारतींत आणि ताटातही जगभरातून आलेल्या गोष्टी सापडतात. आणि फोटोतलं ते जाळं आज अडचणीत का आहे, हेही कळतं.

हे बंदर बनलं कसं?

कोचीच्या आधी या भागातलं मोठं बंदर होतं मुझिरिस. रोमन व्यापारी मिरी घ्यायला तिथे यायचे. 1341 साली पेरियार नदीला प्रचंड पूर आला, जुन्या बंदराच्या तोंडाशी गाळ साचला आणि कोचीजवळ समुद्राची वाट मोकळी झाली, असं मानलं जातं. व्यापार हळूहळू इकडे सरकला.

मिरीच्या मागे 1500 साली पोर्तुगीज आले. 1663 मध्ये डचांनी त्यांना हटवलं आणि 1795 मध्ये इंग्रजांनी ताबा घेतला.

काय बघायचं?

सकाळी सुरुवात फोर्ट कोचीतल्या सेंट फ्रान्सिस चर्चपासून करा. वास्को द गामा 1524 मध्ये कोचीतच वारला आणि त्याला इथेच पुरलं होतं. काही वर्षांनी त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. पण त्याच्या थडग्याची जागा आजही दाखवतात.

तिथून रिक्षाने थोड्याच वेळात मट्टनचेरी येतं. इथला 'डच पॅलेस' डचांनी बांधलेलाच नाही! पोर्तुगीजांनी तो 1555 च्या सुमारास बांधून कोचीच्या राजाला दिला. डचांनी नंतर डागडुजी केली आणि नाव मात्र त्यांचं लागलं. आतल्या भिंतींवरची रामायणाची चित्रं सावकाश बघा.

जवळच 1568 मधलं परदेशी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे. जमिनीवर चीनहून आणलेल्या, हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरश्या आहेत. 1948 नंतर इथले बहुतेक ज्यू इस्रायलला गेले. गल्लीचं नाव 'ज्यू टाऊन' तेवढं राहिलं. मसाल्यांच्या अनेक जुन्या वखारींत आता कॅफे आणि जुन्या वस्तूंची दुकानं आहेत.

इथे मराठी वाचकाला ओळखीचं काय?

पोर्तुगीजांच्या छळामुळे गोव्यातून निघालेली अनेक कोकणी कुटुंबं मट्टनचेरीत वसली. चेरलाई भागातलं त्यांचं तिरुमल देवस्थान आजही गजबजलेलं असतं.

डच गव्हर्नर व्हॅन ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' हा ग्रंथ तयार करवला. 1678 पासून त्याचे 12 खंड ॲमस्टरडॅमला छापले गेले. या कामात वैद्य इट्टी अच्युतन यांच्यासोबत रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोकणी जाणकारही होते. या तिघांनी दिलेलं कोकणी प्रमाणपत्र ग्रंथात छापलं आहे, तेही देवनागरी लिपीत.

काय खायचं?

- कप्पा आणि मीन करी: कप्पा म्हणजे टॅपिओका. ज्या कंदापासून आपला उपवासाचा साबुदाणा बनतो, तोच हा कंद. मूळचा दक्षिण अमेरिकेतला. तो उकडून माशांच्या लालभडक कालवणासोबत खातात. कालवणातली मिरचीही पोर्तुगीजांमुळेच भारतात पोचली. त्याआधी तिखटपणासाठी मिरी होती.
- कुडमपुळी: याच कालवणाला आंबटपणा देणारं फळ. आपल्या कोकमाचं हे सख्खं भावंड. वाळवून, धुरावर काळं केलेलं असतं.
- करीमीन पोळ्ळिचतु: करीमीन मासा मसाला लावून, केळीच्या पानात गुंडाळून भाजतात.
- आप्पम आणि स्ट्यू: जाळीदार आप्पम आणि नारळाच्या दुधातला स्ट्यू. शाकाहारी मंडळींना भाज्यांचा स्ट्यूही मिळतो.

आणि ती जाळी?

मल्याळममध्ये त्यांना 'चीनवला' म्हणतात. वला म्हणजे जाळं. चिनी बरणीला तिथे 'चीनभरणी' म्हणतात, हेही आपल्याला लगेच कळेल. ही जाळी थेट चिनी व्यापाऱ्यांनी आणली की पोर्तुगीजांनी मकाऊहून, यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

जाळ्याच्या मागच्या बाजूला दोरांना मोठाले दगड टांगलेले असतात. चार-सहा जण दोर ओढतात, दगडांचं वजन मदतीला येतं आणि जाळं वर उठतं. काही मिनिटांनी पुन्हा पाण्यात. भरती-ओहोटी बघून हेच दिवसभर चालतं.

पण आता मासळी कमी मिळते. पाण्यात गाळ आणि जलपर्णी वाढली आहे. लाकडी सांगाडा दुरुस्त करायचा तर खर्च मोठा. त्यामुळे जाळ्यांची संख्या घटली आहे आणि काही ठिकाणी लाकडाच्या जागी लोखंडी पाइप आलेत. पर्यटकांना दोर ओढू देऊन मिळणारे पैसे हा काहींसाठी कमाईचा भाग झाला आहे.

म्हणून फोटो काढाच, पण दोर ओढायला लावला तर पैसे आधी विचारा आणि ते द्या. जमलं तर जाळ्यात नुकतीच आलेली मासळी विकत घ्या. आसपास ती शिजवून देणारे असतात. चिनी जाळं, अमेरिकेची मिरची आणि केरळचा नारळ, सगळं एकाच ताटात येईल.

जाण्याआधी लक्षात ठेवा

- डच पॅलेस शुक्रवारी आणि सिनेगॉग शनिवारी बंद असतं. त्यामुळे रविवार ते गुरुवारमधला दिवस निवडा.
- एर्नाकुलमहून फोर्ट कोचीला बोटीने जा. सरकारी फेरी स्वस्त आहे आणि वॉटर मेट्रोही आहे.
- दुपारी उकाडा फार असतो. चालणं सकाळी आणि संध्याकाळी ठेवा, दुपार जेवणाला द्या.