चौघीजणींचं गाणं

मैत्रिणींनो, शांता शेळके यांनी मराठीत आणलेली ‘चौघीजणी’ तुमच्यापैकी कितीजणींनी शाळेच्या सुट्टीत वाचली आहे? मेग, ज्यो, बेथ आणि एमी या मार्च बहिणी माझ्या तर घरच्याच झाल्या होत्या. त्यातली ज्यो म्हणजे मीच, असं मला ठाम वाटायचं. ताईचं लग्न ठरलं तेव्हा मी नववीत होते. खाली पेढे वाटले जात होते आणि मी माळ्यावर जाऊन रुसून बसले होते. करवली म्हणून मिरवायलाही मी तयार नव्हते!

लुइझा मे अल्कॉट या अमेरिकन लेखिकेची मूळ कादंबरी ‘लिटल विमेन’ 1868-69 साली दोन भागांत प्रसिद्ध झाली. तिच्यावर चित्रपट निघाले, नाटकं झाली. पण आज सांगायचं आहे ते ऑपेराविषयी, आणि तो रचणाऱ्या मार्क अडामो यांच्याविषयी.

ऑपेरा म्हटलं की आपण जरा बिचकतो. पण संगीत नाटकं ऐकत वाढलेल्या आपल्याला तो अगदीच परका नाही. फरक एवढाच, की आपल्याकडे गद्य संवादांच्या मधे पदं येतात. ऑपेरात बहुतेक सगळंच गायलं जातं, अगदी ‘दार उघड’ म्हणायचं असलं तरी! त्याच्या संहितेला लिब्रेटो म्हणतात. शब्द इटालियन, अर्थ ‘छोटं पुस्तक’. सहसा लिब्रेटो एकजण लिहितो आणि संगीत दुसरा देतो. अडामो यांनी मात्र आपल्या ऑपेरांसाठी ही दोन्ही कामं स्वतःच केली. आपल्याकडे अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली ‘शाकुंतल’ आणलं, तेव्हा पदंही त्यांचीच आणि चाली बसवणारेही तेच होते, हे आठवतं ना?

अडामो यांचा जन्म 1962 सालचा, फिलाडेल्फियाचा. आधी न्यूयॉर्क विद्यापीठात ते नाटक लिहायला शिकले, मग वॉशिंग्टनच्या कॅथॉलिक विद्यापीठात संगीतरचना. म्हणजे पीठही घरचं आणि पुरणही घरचंच म्हणायचं! ‘लिटल विमेन’ हा त्यांचा पहिलाच ऑपेरा. 1998 साली ह्यूस्टन शहरात तो तिथल्या तरुण गायकांनी सादर केला. तो इतका आवडला, की 2000 साली ह्यूस्टन ग्रँड ऑपेराच्या मुख्य रंगमंचावर आला आणि 2001 साली अमेरिकेच्या दूरदर्शनवर दिसला. त्यानंतर तो शंभराहून अधिक वेळा ठिकठिकाणच्या संस्थांनी बसवला आहे. नव्या ऑपेराच्या नशिबी हे क्वचितच येतं.

असं काय आहे त्यात? एवढी मोठी कादंबरी दोन अंकांत बसवायची म्हणजे गाळायचं काय आणि ठेवायचं काय, हाच खरा प्रश्न. ज्योनं लॉरीशी लग्न का केलं नाही, यावर वाचक पिढ्यान्‌पिढ्या वाद घालत आले. अडामो यांनी निराळाच धागा उचलला. त्यांच्या मते ज्योचं भांडण कुणा माणसाशी नाहीच. ते बदलाशी आहे. आपण चौघी आहोत तशाच राहाव्यात, घर असंच भरलेलं असावं, एवढंच तिचं मागणं. पण मेग लग्न ठरवते, लॉरी मैत्रीपलीकडचं काही मागतो, बेथ मरण पावते, एमी लॉरीशीच लग्न करते. यांतलं काहीच ज्योला थांबवता येत नाही.

म्हणून ऑपेरा सुरू होतो तो शेवटाकडून. ज्यो माळ्यावर एकटी असते. लॉरी येतो आणि आपण पूर्वीसारखे होऊ या, असं म्हणतो. मग मागची सगळी कथा उलगडते. संगीतातही हीच ओढाताण आहे. संवादांचे भाग काहीसे कोरडे, खडबडीत. आणि मन बोलू लागलं की लांब, गोड चाली. सगळं बदलतंच, हे मेग ज्योला समजावते त्या गाण्याचे सूर पुढे पुन्हा पुन्हा कानी येतात.

अडामो यांनी पुढेही कथा निवडल्या त्या बऱ्याचदा बायकांच्या. 2005 साली ‘लिसिस्ट्राटा’ आला. युद्ध थांबवायला नवऱ्यांशी असहकार पुकारणाऱ्या बायकांची ती जुनी ग्रीक गंमत. 2013 साली सॅन फ्रान्सिस्कोत मेरी मॅग्डालीनवरचा ऑपेरा झाला. 2021 साली सांता फे इथे आलेल्या ‘द लॉर्ड ऑफ क्राइज’चे शब्द त्यांचे, तर संगीत त्यांचे जोडीदार जॉन कोरिग्लिआनो यांचं.

तुम्हाला ऐकायचा असेल तर एक सांगते: आधी गोष्ट पुन्हा वाचा, मग एकेक गाणं ऐका. सगळा ऑपेरा एका बैठकीत ऐकायचा हट्ट नको. कानाला सवय व्हायला चार दिवस लागतात.

मी ऐकला तो मुलीनं मोबाईलवर लावून दिला म्हणून. ती यंदा दहावीला आहे. पुढच्या वर्षी शिकायला पुण्याला जायचं म्हणते, आणि मी दर वेळी विषय बदलते. ‘इथलं कॉलेज काय वाईट आहे?’ हे माझं ठरलेलं वाक्य! शेवटच्या प्रवेशात ज्योभोवती तिच्या बहिणी, गेलेली बेथसुद्धा, पुन्हा गोळा होतात. ती त्यांना डोळे भरून बघते, आणि मग जाऊ देते. कणीक मळता मळता माझा हात थांबला. माळ्यावर रुसून बसलेली ती नववीतली मुलगी अजून खाली उतरलीच नव्हती की!

त्या रात्री मी ताईला फोन केला. करवलीचं आठवून दोघी पोट धरधरून हसलो. मग मीच विचारलं, “ताई, मुलींची वसतिगृहं तिकडे कशी आहेत गं?”