बासरी वाजत नाही? आधी ओठांकडे बघू या

जत्रेतून किंवा स्टेशनबाहेरच्या विक्रेत्याकडून पोरं हौसेने बासरी आणतात. घरी मात्र नुसती फुसफुस ऐकू येते. चार दिवसांनी पोरगं म्हणतं, "माझ्यात दमच नाही," आणि बासरी फळीवर जाते. पालकांना आम्ही सांगतो, बासरीला दमापेक्षा ओठांची ठेवण जास्त लागते. ती सरावाने येते. "जाड ओठांना बासरी येत नाही" हेही खरे नाही. प्रत्येकाचे ओठ-दात वेगळे, म्हणून प्रत्येकाची फट थोडी इकडेतिकडे असते, एवढेच.

स्वर निघतो कसा?

चूल पेटवताना फुंकणीत हवा आत ढकलतो, तशी बासरीत ढकलायची नसते. ओठांतून निघालेली बारीक फुंकर मुखरंध्राच्या समोरच्या कडेवर आपटते. काही हवा आत, काही बाहेर, अशी ती झुलू लागते आणि नळीतली हवा थरथरून स्वर उमटतो. फुंकर पसरट असेल किंवा कड चुकली, तर कितीही जोर लावा, फुसफुसच येणार.

रोजचा सराव

पहिले दोन दिवस बासरी बाजूला ठेवा. तोंड उघडून तळहातावर 'हा' करा, हवा गरम लागेल. आता बशीतला चहा निववताना करतो तशी 'फू' करा, हवा गार लागेल. ही गार, बारीक फुंकर आपल्याला हवी. खालचा जबडा किंचित मागेपुढे करून ती बोटांच्या टोकांपासून मनगटापर्यंत फिरवा. नंतर रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकून घुमणारा आवाज काढा.

मग आरशासमोर बासरी धरा. मुखरंध्राची कड खालच्या ओठाला टेकवा. ओठाने भोकाचा साधारण पाव ते एक तृतीयांश भाग झाकला पाहिजे. ओठांचे कोपरे स्थिर, मधला भाग सैल, मधे तांदळाच्या दाण्याएवढी फट. गाल फुगवू नका, ओठ हसल्यासारखे ताणू नका. आवाज येत नसेल तर जोर वाढवण्याऐवजी बासरी केसभर आत-बाहेर फिरवा.

सुरुवातीला वरची एक, दोन, तीन भोके बंद करून लांब स्वर धरा. सहाही भोके बंद करून खालचा पंचम काढणे अवघड, ते नंतर. वरच्या सप्तकासाठी फट आणखी लहान करायची, म्हणजे हवा वेगाने जाते. दिवसातून तीनदा दहा-दहा मिनिटे पुरतात. लहान मुलांना बोटे सहज पुरतील अशी छोटी बासरीच द्या. मैफलीतली मोठी बासरी पन्नालाल घोष यांनी शास्त्रीय संगीतात रुजवली. ती लहान हातांना झेपत नाही. तोंड बासरीकडे नेऊ नका, बासरी तोंडाकडे आणा. मान आणि खांदे दुखणार नाहीत.

चक्कर आली तर

जोरजोरात फुंकल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्यामुळे गरगरते, बोटांना मुंग्या येतात. लगेच थांबा, बसा, सावकाश श्वास घ्या. विश्रांतीनंतरही गरगरत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. बासरीने दमा बरा होतो, असे कोणी सांगितले तरी पंप आणि औषध बंद करू नका.

एकाची बासरी एकालाच

विहारातल्या किंवा समाजमंदिरातल्या वर्गात एकच बासरी दहा तोंडांत फिरते. ओठांवर येणारे पाण्याचे फोड त्यातून दुसऱ्याला होऊ शकतात. प्रत्येकाची बासरी वेगळी असावी. वाजवून झाल्यावर ती कोरड्या फडक्याने आतून-बाहेरून पुसावी. ओठ फुटले असतील तर रात्री थोडे खोबरेल लावा आणि ते भरेपर्यंत सराव थांबवा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. ही तपासणी मोफत होते.

फुंकर जमेनाशी झाली तर

आता सगळ्यात महत्त्वाचे. आधी शिट्टी वाजवणाऱ्या, फुगा फुगवणाऱ्या मुलाला आता ते जमत नसेल, तर सरावाला दोष देऊ नका. सुपारी, मावा, गुटखा खाणाऱ्यांच्या गालाच्या आतली कातडी कडक होत जाते. तिखट लागताच तोंडाची आग होते, तोंड कमी उघडते, फुंकर घालता येत नाही. यातून पुढे तोंडाचा कर्करोग होऊ शकतो. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी पुड्या पोरांच्या हाती येतातच. घरातल्या मिश्रीतही तंबाखूच असते.

आज घरातल्या प्रत्येकाने स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात घालून बघावीत. ती सहज जात नसतील किंवा तोंडात पांढरा चट्टा, न भरणारी जखम दिसली, तर सरकारी दंत रुग्णालय गाठा. कडक झालेली कातडी पूर्ववत होणे अवघड असते. पण सुपारी-तंबाखू आजच सोडली, तर आजार वाढण्याचा धोका नक्की कमी होतो.

फळीवरची बासरी खाली काढा. पोरांबरोबर मोठ्यांनीही आरशासमोर उभे राहून फुंकर घालून बघा. स्वर आला तर आनंदच आहे. फुंकरच जमत नसेल, तर दवाखान्यात जायला उशीर करू नका.