कुळाचा नकार

लेखमाला : माणूस कुणाच्या मालकीचा? (लेखांक सातवा)

१९२१ साली धरणासाठी जमीन जाणाऱ्या मुळशी पेट्यातल्या शेतकऱ्याला सरकार एवढंच विचारत होतं, की तुझ्या जमिनीची किंमत किती? ती तुला द्यायची आहे का, हा प्रश्न कायद्यात नव्हताच. तेव्हा १८९४ चा भूसंपादन कायदा लागू होता. अमुक जमीन सार्वजनिक कामासाठी हवी आहे असं सरकारने एकदा जाहीर केलं, की ती घोषणाच अखेरचा पुरावा ठरे. कोर्टात जाता येई ते मोबदल्याच्या आकड्यासाठी. बाजारभावावर शंभराला पंधरा रुपये जास्त मिळत, कारण घेणं सक्तीचं होतं. सक्ती आहे हे कायद्यालाही मान्य होतं, आणि तिचा दर त्याने पंधरा टक्के ठरवून टाकला होता. खासगी कंपनीसाठी जमीन घेण्याची तरतूदही त्याच कायद्याच्या सातव्या भागात होती.

गेल्या आठवड्यात आपण जोतीराव फुल्यांच्या ‘गुलामगिरी’पाशी थांबलो. १८७३ चं ते पुस्तक त्यांनी अमेरिकेतल्या निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, आणि पुण्यात बसून विचारलं की इथल्या गुलामीचं काय? तिथून मुळशीच्या धरणावर येणं काही वाचकांना उडी वाटेल. मुळशीचा मावळा कुणी बाजारात विकला नव्हता, त्याच्या पायात बेडी नव्हती. मग तो या लेखमालेत कशाला?

त्यासाठी जरा मागे जावं लागतं. नारदस्मृतीत दासांचे पंधरा प्रकार सांगितले आहेत. दासीच्या पोटी जन्मलेला, विकत घेतलेला, दान मिळालेला, दुष्काळात पोसलेला, कर्जापोटी गहाण पडलेला, दुसऱ्याने कर्ज फेडलं म्हणून त्याचा दास झालेला, अशी ती यादी आहे. दासाला मोकळं करण्याचा विधीही तिथे दिला आहे. मालक त्याच्या खांद्यावरचा पाण्याचा घडा उतरवतो, फोडतो, डोक्यावर अक्षता-फुलांसह पाणी शिंपडतो आणि तीनदा म्हणतो की हा आता दास नाही. विधी सुंदर आहे. पण त्यात दासाला तोंड उघडायचं कारण कुठेच पडत नाही. घडा मालक उतरवतो, शब्द मालक उच्चारतो. सुटतानासुद्धा त्या माणसाला कुणी काही विचारत नाही. गुलामीचं मर्म मला इथे दिसतं. ज्याच्या ‘नाही’ला कुणी मोजत नाही, तो माणूस गुलाम. मार, उपासमार, विक्री हे सगळं त्यानंतर येतं, आणि कधी कधी येतही नाही. चांगल्या मालकाचा पोटभर जेवणारा दासही दासच असतो.

मावळच्या इतिहासात याच्या उलट टोकाचा एक दाखला आहे. १६७७ साली कर्नाटकाच्या मोहिमेत शिवाजी महाराजांनी डच कंपनीला जो कौल दिला, त्यात आपल्या मुलखात स्त्री-पुरुषांना गुलाम म्हणून विकत घेण्याची मनाई केली. मुसलमानी अमलात तुम्ही हे करत होता, आता चालणार नाही, असा त्याचा आशय. डचांचा तो व्यापार तेव्हा भरभराटीत होता, म्हणून या मनाईचं मोल अधिक. पण महाराजांनंतरच्या शंभर वर्षांत पुण्यातच कुणबिणींची, म्हणजे दासींची, खरेदी-विक्री सर्रास होत राहिली, पेशवे दप्तरात तिच्या नोंदी आहेत. इंग्रजांनी १८४३ च्या कायद्याने गुलामीला कोर्टाचा आधार काढून घेतला आणि १८६० च्या दंडसंहितेत गुलामांचा व्यापार गुन्हा ठरवला. कागदावर प्रकरण मिटलं.

मिटलं नाही ते दोन ठिकाणी. एक वेठ, दुसरं कर्ज. अंमलदार दौऱ्यावर आला की गावाने त्याचं सामान वाहायचं, घोड्याला गवत आणि चुलीला सरपण पुरवायचं. मजुरी मिळाली तर मिळाली. आणि सावकाराकडे जमीन गेलेला शेतकरी त्याच जमिनीवर कूळ म्हणून राबायचा. १८७५ साली सुप्यात सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या, १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला, तरी मावळातली बरीचशी जमीन पुण्याच्या सावकारांच्या नावावरच राहिली.

म्हणून मुळशीच्या लढ्याची सुरुवात कुठून झाली हे मला फार मोलाचं वाटतं. विनायकराव भुस्कुटे हे तरुण काँग्रेस कार्यकर्ते या भागात काम करत होते ते वेठबिगारीविरुद्ध. धरणाशी त्यांचा संबंध नंतर आला. टाटा कंपनीने नीला आणि मुळा यांच्या संगमाजवळ बांध घालायचं ठरवलं होतं. पूर्वेला भीमेकडे जाणारं पाणी अडवायचं, सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला उतरवायचं, खाली कोकणात भिऱ्याला वीज तयार करायची आणि ती मुंबईला न्यायची, अशी ती योजना. जमीन ताब्यात आलेलीही नसताना शेतांत चाचणीचे चर खणायला सुरुवात झाली. एका शेतकऱ्याने हरकत घेतली, तेव्हा कंपनीच्या इंग्रज अभियंत्याने त्याच्यावर पिस्तूल रोखलं. वेठीविरुद्ध लोकांना उभं करणाऱ्या माणसाला या प्रसंगाचा अर्थ समजावून सांगावा लागला नसेल. कालपर्यंत सरकारी काम म्हणून माणसाची पाठ घेतली जात होती, आता सार्वजनिक काम म्हणून त्याचं शेत घेतलं जात होतं. दोन्हीकडे त्याला विचारायची गरज कुणाला वाटली नव्हती.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. बाराशेच्या आसपास मावळे धरणाच्या जागी जाऊन बसले आणि काम बंद पडलं. दिवस मुद्दाम निवडलेला होता. काँग्रेसचे ठराव मावळ्याच्या घरात पोचत नव्हते, रामजन्म पोचत होता. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा तेव्हाची. त्या दिवशी कुणी धर्मशास्त्राचा वाद घातला नाही, पण बसणाऱ्यांच्या मनात धर्माचा एक सरळ विचार होता असं मला वाटतं. या जमिनीत आमची मसणवट आहे, वेशीवर आमचा देव आहे, त्यांची किंमत करणारा तू कोण? मोबदल्याच्या हिशेबात देऊळ बसतं ते दगड-लाकूड म्हणून. महिनाभरात कंपनीने सहा महिने काम थांबवायचं कबूल केलं. डिसेंबरमध्ये ते पुन्हा सुरू झालं आणि मग धरपकड सुरू झाली. ‘काळ’कर्ते शिवरामपंत परांजपे साठीच्या उंबरठ्यावर याच सत्याग्रहात सहा महिने तुरुंगात गेले. पांडुरंग महादेव बापट हे ‘सेनापती’ झाले ते इथेच.

कंपनीची बाजू हलकी नव्हती, ती नीट मांडली पाहिजे. खोपोलीचं वीजघर १९१५ पासून चालू होतं, भिवपुरीचं १९२२ मध्ये सुरू झालं, भिरा हा त्याच मालिकेतला पुढचा टप्पा. मुंबईच्या गिरण्या लांबून आणलेल्या कोळशावर चालत. कोळशाचा धूर वाचणार होता, परदेशी भांडवलाशिवाय देशी उद्योग उभा राहणार होता. चाळीत राहणाऱ्या गिरणी कामगारालाही त्या विजेचा फायदा होता, आणि तो काही श्रीमंत नव्हता. पन्नासच्या वर गावं बुडतील, पण लाखोंच्या शहराला वीज मिळेल. बहुतांचं भलं की थोड्यांचं, हा प्रश्न त्या वेळी प्रामाणिक माणसांनाही पडला होता.

गांधीजींनी एप्रिल १९२१ मध्येच ‘यंग इंडिया’त याला उत्तर दिलं. योजना वाईट आहे असं ते म्हणाले नाहीत. त्यांचा युक्तिवाद असा होता : देशातल्या अर्धपोटी माणसांना मारून त्यांचं खत केलं तर उरलेले सुखात राहतील, पण हा हिशेब वेड्याशिवाय कुणी मांडणार नाही. मग माणसं न मारता त्यांची जिवाभावाची जमीन जबरीने काढून घेतली तर तोच हिशेब शहाणपणाचा कसा होतो? टाटांनी कायदेशीर हक्कावर अडून न राहता दुबळ्या देशबांधवांच्या इच्छेचा मान राखावा, असं त्यांनी सुचवलं. गुलामीविरुद्धच्या जगभरच्या वादात मला याहून नेमका युक्तिवाद क्वचित दिसतो. अमेरिकेतले गुलामीचे समर्थक दोन मुद्दे हमखास मांडत. पहिला बायबलचा, की अब्राहामाकडेही दास होते. दुसरा अर्थकारणाचा, की कापसाशिवाय देश चालणार नाही. पहिल्या मुद्द्याला धर्मातूनच उत्तर मिळालं. दुसऱ्याला उत्तर देणं अवघड गेलं, कारण कापूस खरंच पिकत होता. फायदा खरा आहे हे मान्य करूनही तो आपला होत नाही, असं म्हणायला गांधीजींसारखी हिंमत लागते.

पुढे बांध निम्मा उभा राहिल्यावर त्यांनीच लढा सोडून द्यायचा सल्ला दिला. कारणं तीन होती. बहुसंख्य लोकांनी मोबदला घेतला आहे, बांध अर्धा झाला आहे, आणि नेता, म्हणजे बापट, पूर्ण अहिंसेवर विश्वास ठेवणारा नाही. तिसरं कारण खरं होतं. बापटांनी १९२४ च्या अखेरीस कंपनीची रेल्वेगाडी शस्त्रांसह अडवली. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि ते सुटले ते १९३१ मध्ये. त्यांचा तो मार्ग मला मान्य नाही.

पण पहिलं कारण मला त्याहून कमी पटतं, आणि हे मी गांधीजींबद्दलचा पूर्ण आदर ठेवून लिहितो. मोबदला घेतला कुणी? ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांनी. त्यांतले बरेच पुण्यातले सावकार होते. भाताची खाचरं त्यांनी कधी चिखलली नव्हती, त्यांना जमीन म्हणजे वसुली. चांगला भाव आल्यावर ते लढ्यातून बाजूला झाले, कारण त्यांच्यापुरता प्रश्न सुटला होता. कसणारं कूळ मात्र ना विकणारं होतं, ना मोबदल्याचं हक्कदार. तेव्हाच्या कायद्यात बहुतेक कुळांना जमिनीवर टिकून राहण्याचाही हक्क नव्हता, मालकाने सांगितलं की उठायचं. त्यामुळे धरणाच्या जागी बसलेला मावळा ‘नाही’ म्हणत असताना त्याच जमिनीचं ‘हो’ पुण्यातल्या माडीवरून दिलं गेलं आणि तेच धरलं गेलं. ज्यांनी स्वतः थोडी जमीन राखली होती आणि शेवटी पैसे घेतले, त्यांचं काय? तर पोलीस दारात, बांध डोळ्यांसमोर रोज वर चढतोय, अशा वेळी उचललेले पैसे ही संमती नव्हे. जो माणूस अखेर नाइलाजाने सही करतो, त्याची सही त्याच्या आधीच्या नकाराला खोडत नाही.

१९२७ मध्ये भिऱ्याची वीज सुरू झाली. मधल्या काळात कायद्यात एक फरक झाला होता. १९२३ च्या दुरुस्तीने भूसंपादन कायद्यात पाच-अ कलम आलं, आणि अधिसूचनेनंतर तीस दिवसांत हरकत नोंदवून ती ऐकून घेतली जाण्याचा हक्क जमीनधारकाला मिळाला. ऐकून घेऊन निर्णय सरकारच करणार होतं, पण निदान विचारायला सुरुवात झाली. मुळशीच्या जमिनींची अधिसूचना निघाली तेव्हा हे कलम नव्हतं.

कुळाची वेळ आली ती त्याहून उशिरा. १९४८ च्या कुळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ रोजी मुंबई राज्यात कसणाऱ्या कुळांना मालकीचा हक्क मिळाला. मुळशी पेट्यातल्या ज्या शेतांवर लढा झाला, ती तोपर्यंत तीस वर्षं पाण्याखाली होती. त्या कुळांच्या नातवंडांना तो कायदा लागू व्हायला जमीनच उरली नव्हती.

वेठीचं उत्तर संविधानाने दिलं. अनुच्छेद २३ ने माणसांचा व्यापार, वेठबिगार आणि सक्तीची मजुरी बंद केली. कर्जाच्या वेठीसाठी १९७६ चा कायदा यावा लागला. त्याने वेठबिगाराचं कर्जच रद्द केलं. नारदस्मृतीतल्या गहाण पडलेल्या दासाची सुटका मालकाच्या शब्दावर अवलंबून होती, १९७६ नंतर ती मालकाकडे मागायची नाही. कायदा उत्तम आहे. पण मुळशी-मावळातली आणि घाटाखालची कातकरी कुटुंबं अजून उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात. पावसाळ्यातल्या पोटासाठी घेतलेली रक्कम सबंध हंगामभर फेडतात, आणि हिशेब ठेवणारा भट्टीवाला असतो. त्यांच्यातल्या अनेकांची घरं दुसऱ्याच्या मालकीच्या जागेवर आहेत. १९८२ मध्ये आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की किमान वेतनाहून कमी पैशांत करून घेतलेलं काम हीसुद्धा सक्तीची मजुरी, कारण भूक हीसुद्धा सक्तीच. या निकालाच्या कसोटीवर आपल्या आसपासच्या किती भट्ट्या उतरतील, हे वाचकांनी स्वतः जाऊन पाहावं अशी माझी मनापासून विनंती आहे.

जमिनीच्या बाबतीत ‘तुला द्यायची आहे का’ हा प्रश्न अखेर २०१३ च्या भूसंपादन कायद्यात आला. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर बाधित कुटुंबांपैकी ८० टक्के, सरकारी-खासगी भागीदारीत ७० टक्के कुटुंबांची आगाऊ संमती लागते. रामनवमीच्या त्या बैठकीनंतर ब्याण्णव वर्षांनी. याच कायद्याच्या बाधित कुटुंबांच्या व्याख्येत कुळं, वाटेकरी, शेतमजूर आणि वनहक्क गमावणारे आदिवासीही आहेत, त्यांना पुनर्वसनाचा लाभ मिळतो. मात्र ८० टक्के मोजताना धरली जातात ती ज्यांची स्वतःची जमीन जाते ती कुटुंबं आणि ज्यांना सरकारी योजनेत जमीन मिळालेली आहे ती. अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेची संमती लागते. पण पुणे जिल्ह्यातलं अनुसूचित क्षेत्र आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांत आहे, मुळशी त्यात येत नाही. दुसऱ्याच्या जागेवर झोपडी असलेल्या मुळशीतल्या कातकऱ्याला उद्या प्रकल्पासाठी उठावं लागलं, तर त्याला पुनर्वसन मागता येईल. त्याचा नकार त्या टक्केवारीत धरला जाणार नाही.