पावणेचार इंचांचा खलनायक

पिरंगुटच्या औद्योगिक पट्ट्यात ओ-रिंग मागणारं गिऱ्हाईक नवं नाही. पंप, व्हॉल्व्ह, जॅक, सगळ्यांनाच ती लागते. पण हार्डवेअरच्या दुकानात माझ्या पुढे उभा असलेला तरुण अगदी बारीक, काळी रिंग दोन बोटांत ताणून बघत होता, आणि कुठल्या पंपाला हवी असं दुकानदाराने विचारल्यावर त्याने सरळ सांगितलं, "बाहुल्यांच्या कमरेला." त्या उत्तरापायी मी भूगावला त्याच्या घरी गेले.

नोकरी हिंजवडीला, म्हणजे मुळशी तालुक्यातच. घरी आई, बायको, शाळकरी मुलगी. बाहेरच्या खोलीत काचेचं कपाट, आणि त्यात एकाच खलनायकाच्या मूर्ती ओळीने उभ्या: कोब्रा कमांडर. 'जी. आय. जो' या खेळण्यांतल्या सैनिकांचा हा वैरी. हवामान ताब्यात घेणारं यंत्र काय, यंत्रमानवांची फौज काय, जगज्जेत्यांच्या पेशी गोळा करून बनवलेला सम्राट काय, त्याच्या टोळीचे उद्योग सगळे विज्ञानकथेतले. त्याला चेहरा नाही. कधी चकचकीत मुखवटा, कधी डोळ्यांपुरती भोकं असलेला बुरखा. लॅरी हामा या लेखकाने 1982 ते 1994 चाललेल्या मार्व्हलच्या चित्रकथेत त्याला एकेकाळचा जुन्या मोटारींचा विक्रेता केलं, पण त्याचं तोंड वाचकाला दाखवलं नाही.

"ताई, पावणेचार इंच," तो एक बाहुला माझ्या तळव्यावर ठेवत म्हणाला. "सगळं एवढ्यात बसवलंय." हे माप आधीचं. केनर कंपनीने 1978 साली 'स्टार वॉर्स'च्या मूर्ती याच उंचीच्या काढल्या, त्यांत डार्थ व्हेडरही होता. 'जी. आय. जो' काढणाऱ्या हॅस्ब्रोने 1982 साली आपले सैनिक त्याच मापात आणले. मग व्हेडर का नाही गोळा करत, असं मी विचारलं. "तो सगळ्या जगाचा आहे. हा गोव्याचा आहे."

तेही खरंच. एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांनी मिळून 1987 साली फनस्कूल उभी केली, तिचा कारखाना गोव्यात. हॅस्ब्रोचे साचे भारतात येत आणि त्यांतून इथल्या प्लॅस्टिकची, इथल्या रंगांची माणसं निघत. अमेरिकेत 1994 साली ही मालिका थांबली, तरी आपल्याकडे ती पुढे कित्येक वर्षं विकली जात राहिली. इथले रंग मूळ रंगांशी जुळतातच असं नाही, आणि परदेशातले संग्राहक नेमके त्यासाठीच इथला माल शोधतात. मला मात्र तो तळव्यावरचा बाहुला बघताना वाटलं, छातीवरचा हा किंचित तिरका बसलेला नाग कुणाच्या तरी हातून उमटला असेल. त्या हाताचं नाव कुठल्याच खोक्यावर नाही.

कामाला तो रात्री बसतो. जेवणं झाली की टेबलावर पांढरा पंचा, एक बारीक स्क्रू-ड्रायव्हर आणि स्क्रू हरवू नयेत म्हणून मुलीने दिलेली वाटी. बाहुल्याच्या पाठीत एकच स्क्रू असतो. पावसाळ्यात तो गंजून बसलेला असतो, म्हणून आधी तेलाचा थेंब, मग वाट पाहणं. पाठ निघाली की एक वास येतो, गोडसर प्लॅस्टिकचा आणि मेलेल्या रबराचा. तीस वर्षं कोंडलेला. घरी आल्यावरही तो मला बोटांना येत राहिला.

आतली रचना बघून मी थक्क झाले. दोन्ही पाय एका धातूच्या आकड्याला अडकवलेले. त्या आकड्यात रिंग, ती कंबरेच्या तुकड्यातून वर ओढून धडातल्या खुंटीला टाकलेली. पाय, कंबर आणि धड एकत्र राहतात ते केवळ या रबराच्या ताणावर. बाहुला बसतो, वळतो, वाकतो तोही त्याच्याच जोरावर. जुनी रिंग त्याने चिमटीत धरली आणि तिचे सुकलेल्या शेवेसारखे तुकडे पडले. नवी घालताना मात्र तो श्वास रोखतो. रिंग जाड निघाली तर कंबरेचं प्लॅस्टिक तडकतं, सैल निघाली तर पाय लटकतात. डोकं आणि हात जागेवर ठेवायचे, पाठ मिटायची, स्क्रू पिळायचा, पण शेवटचा अर्धा आटा सोडून. पावणेचार इंचांत एवढं सांभाळायचं.

"तोंड नाही धड त्याला, आणि हा त्याची पाठ धुतो," आई आतून म्हणाली. पण मुळशीचा पाऊस लागला की कपाटातल्या सिलिका जेलच्या पुड्या तव्यावर मंद गरम करून कोरड्या करण्याचं काम तीच करते, हे मी पाहिलं.

बाहुले येतात पुण्याच्या जुन्या बाजारातून, भंगारवाल्यांकडून, ओळखीपाळखीच्या माळ्यांवरून. बहुतेकांचे अंगठे गेलेले. मुलांनी बंदुकीची मूठ जोराने खुपसलेली असते. काहींच्या छातीवरचा नाग बोटांनी पुसून गेलाय. असे तो मुद्दाम घेतो, आणि रंग पुन्हा चढवत नाही. त्याची ही निवड मला मनापासून पटली. पुसलेला नाग म्हणजे कुणीतरी या दुष्टाला दुपारभर मुठीत धरून अंगणात हिंडलं होतं. असा पुरावा कुठल्याही कोऱ्या खोक्यात मिळत नाही.

कोऱ्या खोक्यांचा बाजार वेगळा. पुठ्ठ्याला सुरकुती नाही, वरचा प्लॅस्टिकचा फुगा पिवळा नाही, यासाठी लोक भरमसाट पैसे मोजतात. पण रबराला खोकं कळत नाही. ते बंद पाकिटातही सुकतं. त्याच्याकडे असे न फोडलेले दोन आहेत. त्यांतल्या एकाचे पाय फुग्याच्या तळाशी गळून पडलेत, वर नुसतं धड. विकत मागणाऱ्यांना तो हाच दाखवतो, आणि तरीही ते किंमत वाढवतात. मी त्याला विचारलं, मग देत का नाहीस? "न्यायला तयार आहेत, उघडायला कोणी तयार नाही," तो म्हणाला. पाऊस ओसरला, हवा कोरडी झाली, की ते पाकीट तो स्वतःच फोडणार आहे. मुलीने आकडा बसवायचा, हे दोघांमध्ये ठरलंय.