पाण्यातले किल्ले आणि पाण्याचे गणित

रेल्वे स्थानकाची पिवळी पाटी तुम्ही पाहिली असेल. गावाच्या नावाखाली लहान अक्षरांत त्या जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील शेंद्रा हे गाव समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून अधिक उंचीवर आहे. पण समुद्र तर रोज चढतो आणि उतरतो. मग ही उंची नेमकी कोणत्या पाण्यापासून मोजायची? भरतीच्या की ओहोटीच्या? भूमापन करणारे लोक अनेक वर्षांच्या नोंदींची सरासरी काढतात आणि तिला समुद्रसपाटी म्हणतात. आपल्याला पठारावर बसून या सरासरीवर भागवता येते. ज्यांना भर समुद्रात किल्ला बांधायचा होता त्यांचे मात्र सरासरीने भागणार नव्हते. त्यांना रोजच्या पाण्याचा हिशोब ठेवावा लागला. तो त्यांनी कसा ठेवला, हे होडीतून किल्ल्यांकडे जाताना फार चांगले कळते. चला तर, आज आपण कोकण किनाऱ्याने उत्तरेकडून दक्षिणेकडे अशी एक फेरी करू.

दोन समुद्र, दोन स्वभाव

समुद्रातून तटबंदीची बंदरे पाहण्याची हौस जगात सगळीकडे आहे. भूमध्य समुद्रातील माल्टा बेटावर व्हॅलेटा नावाचे शहर आहे. १५६५ साली तुर्कांनी माल्टाला मोठा वेढा घातला. तो उठल्यावर १५६६ साली या शहराची पायाभरणी झाली. आज प्रवासी होडीत बसून तेथील सेंट एल्मो आणि सेंट एंजेलो हे किल्ले पाहतात. तेथे तट थेट पाण्यातून वर आलेले दिसतात आणि होडी दिवसभरात केव्हाही धक्क्याला लागते. १५६५ च्या वेढ्यात तर तेथील एका खाडीच्या तोंडावर आडवी साखळी टाकून शत्रूची जहाजे अडवली होती.

हे तेथे सोपे का झाले? भूमध्य समुद्र जवळजवळ चारी बाजूंनी जमिनीने वेढलेला आहे. अटलांटिक महासागराशी तो जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीने जोडला आहे आणि ती सर्वांत अरुंद जागी सुमारे १४ किलोमीटर रुंद आहे. महासागराच्या भरतीचे पाणी एवढ्याशा दारातून पुरेसे आत येऊ शकत नाही. त्यामुळे तेथे बहुतेक ठिकाणी भरती-ओहोटीतला फरक हातभरसुद्धा नसतो.

आपला अरबी समुद्र मोकळा आहे. उधाणाच्या दिवशी मुंबई-अलिबागकडे भरती-ओहोटीतला फरक चार मीटरांच्या आसपास असतो, तर दक्षिणेला मालवणकडे तो दोन मीटरांच्या आसपास येतो. त्यात पावसाळ्याचे तीन-चार महिने समुद्र इतका खवळतो की लहान होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवाव्या लागतात. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्यावर कोळी पुन्हा समुद्रात जातात, ते यामुळेच. अशा समुद्रात तट बांधणे हे वेगळेच काम होते.

कुलाबा : चालत जाण्याचा जलदुर्ग

आपला पहिला मुक्काम अलिबागचा कुलाबा किल्ला. शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळात, १६८० साली, त्याचे बांधकाम सुरू झाले आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पुरे झाले. भरतीच्या वेळी येथे होडीतून जावे लागते. ओहोटीला मात्र पाणी इतके मागे हटते की वाळूतून आणि खडकांवरून चालत जाता येते. म्हणजे या किल्ल्याचा खंदक दिवसातून दोनदा भरतो आणि दोनदा रिकामा होतो!

भरती कशी येते हे तुम्ही भूगोलात शिकला आहात. चंद्राच्या आणि काही अंशी सूर्याच्या आकर्षणामुळे समुद्राचे पाणी फुगते. अमावास्येला आणि पौर्णिमेला दोघांचे बळ एका रेषेत येते, तेव्हा मोठी भरती येते. तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास दोघे काटकोनात असतात, तेव्हा लहान भरती येते. तिला भांगाची भरती म्हणतात. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच मागे पडते. मुंबई-अलिबागकडील दर्यावर्दी लोकांनी यावरून एक सोपे गणित बसवले आहे. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचे. चतुर्थी असेल तर ४ गुणिले पाऊण म्हणजे ३. त्या दिवशी तीनच्या सुमारास पूर्ण भरती, आणि त्यापासून सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमेला १५ गुणिले पाऊण, म्हणजे सव्वा अकरा. पंचांग आणि पाढे एवढ्याच साधनांवर हे उत्तर मिळते!

हे गणित केवळ गमतीचे नाही. ओहोटीला किल्ल्यात गेलेल्या माणसाला वेळेचे भान राहिले नाही, तर परतीच्या वाटेवर पाणी चढू लागते. वाळूतील सखल जागा आधी भरतात. त्यामुळे पुढे कोरडे दिसत असतानाच मागचा रस्ता बंद होऊ शकतो. अष्टमीच्या भांगात तर ओहोटीलाही वाटेत पाणी राहू शकते. म्हणून निघण्यापूर्वी भरतीची वेळ स्थानिक माणसाला विचारणे हाच शहाणपणा.

आता तटाकडे नीट पाहा. मोठमोठे दगड एकावर एक नुसते रचले आहेत, त्यांच्या सांध्यांत चुना नाही. हा आळस म्हणावा काय? मुळीच नाही. एक घनमीटर समुद्राच्या पाण्याचे वजन एक टनाहून अधिक भरते. लाट आदळली की असे कित्येक टन पाणी तटावर येते. तट गच्च बंद असेल तर सगळा मार त्यालाच सोसावा लागतो. शिवाय आत शिरलेले पाणी लाट मागे फिरताच तटाला आतून बाहेर ढकलते. सांधे मोकळे असले की पाणी त्यांतून शिरते, त्याचा जोर मोडतो आणि ते तसेच निथळून जाते. घाटातील संरक्षक भिंतींना भोके ठेवलेली असतात, त्यामागचे तत्त्व हेच.

जंजिरा : वारा, दार आणि अर्धवट राहिलेला बांध

तेथून दक्षिणेला मुरूडजवळ राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी जंजिरा आहे. अरबी भाषेतील ‘जझीरा’ म्हणजे बेट, त्यावरून हे नाव पडले. राजपुरीहून शिडाच्या होडीतून किल्ल्याकडे जाता येते. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरील हवा वर जाते आणि समुद्राकडून खारा वारा येतो. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा उलट फिरतो, तो मतलई वारा. पूर्वीचे मच्छीमार पहाटे मतलईवर बाहेर पडत आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर घरी येत. तांडेल शिडाचा कोन जरासा बदलून होडी हवी तिकडे कशी वळवतो, ते लक्ष देऊन पाहण्याजोगे आहे.

होडी जवळ जाते तरी किल्ल्याचे दार दिसत नाही. ते दोन बुरुजांच्या मध्ये लपवले आहे आणि अगदी जवळ गेल्यावरच नजरेस पडते. दुरून तोफ डागणाऱ्याला नेम कोठे धरावा हेच कळू नये, ही त्यामागची युक्ती. उलट बुरुजावरच्या पहारेकऱ्याला जहाज केवढ्या दुरून दिसे, याचा हिशोब करू. उंचीच्या (मीटरमध्ये) वर्गमुळाला ३.५७ ने गुणले की क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. दहा मीटर उंचीवरून ते ११ किलोमीटर येते. जहाजाची डोलकाठी २० मीटर उंच असेल तर तिचे १६ किलोमीटर त्यात मिळवा. स्वच्छ हवेत सुमारे २७ किलोमीटरांवर शिडाचे टोक दिसू लागेल. जहाज येऊन पोचेपर्यंत तोफा सज्ज करायला काही तास मिळत!

जंजिऱ्याचे आणि शेंद्र्याच्या परिसराचे नाते ऐकाल तर नवल वाटेल. जंजिरा सिद्दींच्या ताब्यात होता. हे लोक मूळचे आफ्रिकेतील हबसाणातले, म्हणजे आजच्या इथिओपियाकडचे. शेंद्र्याजवळच्या खडकी गावी १६१० साली शहर वसवणारा निजामशाहीचा वजीर मलिक अंबर हाही तेथलाच. पुढे खडकीचे औरंगाबाद झाले आणि आज ते शहर संभाजी महाराजांच्या नावाने ओळखले जाते. त्याच संभाजी महाराजांनी १६८१-८२ च्या मोहिमेत जंजिऱ्यापर्यंत समुद्रात भराव टाकून बांध घालण्याचे काम हाती घेतले होते. मोगली फौज कोकणात उतरल्यामुळे ते अर्धवट राहिले. असा बांध घालणे किती अवघड, याचा विचार करा. खाडीचे तोंड जसजसे अरुंद होते, तसतसे भरतीचे तेवढेच पाणी लहान जागेतून जाऊ पाहते, म्हणजे त्याचा वेग वाढतो. वेग वाढला की टाकलेला भराव वाहून जातो. काम जितके पुढे सरकते तितके ते कठीण होत जाते. जंजिऱ्यावर सिद्दींचे राज्य १९४८ पर्यंत टिकले.

सिंधुदुर्ग : खाऱ्या पाण्यात गोड विहिरी

आता बरेच दक्षिणेला मालवणला येऊ. येथे कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ ते १६६७ या काळात सिंधुदुर्ग बांधला. त्याचा नागमोडी तट सुमारे तीन किलोमीटर लांब आहे. पायाचे दगड शिशाचा रस ओतून बसवले, असे सांगतात. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून साध्या भट्टीवर त्याचा रस करता येतो. शिवाय लोखंडासारखे ते खाऱ्या पाण्यात गंजून झडत नाही.

पण या किल्ल्याचे खरे बळ तटाच्या आत आहे. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशी त्या तीन विहिरींची नावे. चारी बाजूंना खारे पाणी आणि मध्ये गोड पाणी, हे कसे? तुमच्या देवगिरीच्या किल्ल्याभोवती माणसांनी कातळात खंदक खोदला. येथे खंदक निसर्गाने दिला, पण त्यातले पाणी पिता येत नाही. पिण्याचे पाणी येते ते आकाशातून. संभाजीनगरकडे वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मालवणकडे २५०० मिलिमीटर धरला आणि बेटाचे क्षेत्र ४८ एकर, म्हणजे सुमारे १९ हेक्टर घेतले, तर वर्षाला ४७ कोटी लिटरांहून अधिक पाणी बेटावर पडते. त्यातील बरेचसे वाहून जाते, पण थोडे जमिनीत मुरते. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके असते. एक घनमीटर गोडे पाणी १००० किलो, तर समुद्राचे सुमारे १०२५ किलो. त्यामुळे मुरलेले पाणी खाऱ्या पाण्यात लगेच न मिसळता त्याच्यावर तरंगत राहते. विहीर बेताने उपसली तर गोडे पाणी मिळत राहते. हावरटपणे उपसली तर खालचे खारे पाणी वर चढते आणि विहीर बिघडते. वेढ्यात दारूगोळा संपला तर काही दिवस लढता येईल, पण पाणी संपले तर किल्ला गेलाच.

लोण्याशी लढाई

या किल्ल्यांच्या लढाया केव्हाच संपल्या. एक शत्रू मात्र अजून हटलेला नाही, आणि तो म्हणजे मीठ. जंजिऱ्याच्या जवळच कांसा बेटावर शिवाजी महाराजांनी उभारलेला पद्मदुर्ग आहे. तेथील तटाचे दगड झिजून आत गेले आहेत, पण त्यांच्यामधला चुना जाळीसारखा तसाच उभा आहे! समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. लाटांचे तुषार दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरतात, पाणी सुकते, आणि आत मिठाचे स्फटिक वाढू लागतात. ते चहूकडे रेटा देतात आणि दगडाचा कण कण सुटतो. घराच्या जुन्या भिंतीला लोणा लागतो, तोच हा प्रकार. उलट चांगला मळलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून चुनखडीसारखा कठीण होत जातो. म्हणूनच जुन्या तटाची डागडुजी करताना जाणकार सिमेंटचा गिलावा टाळतात, कारण त्यामागे ओल आणि मीठ दोन्ही कोंडून राहतात.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांत सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी हे चार जलदुर्ग आहेत. मान दिल्याने मीठ थांबत नाही आणि लाटाही थांबत नाहीत. १९०१ ते २०१८ या काळात जगातील सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. म्हणजे ज्या ‘समुद्रसपाटी’पासून आपण गावाची उंची मोजतो, तीही स्थिर नाही. पायाच्या ज्या दगडाला पूर्वी केवळ उधाणात पाणी लागे, त्याला आता ते अधिक वेळा लागेल. म्हणून दर काही वर्षांनी तटाची छायाचित्रे आणि मापे घेऊन नोंद ठेवणे, हे आजच्या काळातले पहाऱ्याचे काम आहे. सहलीला गेलात तर तटाचा सैल दगड उपटू नका, त्यावर नावे कोरू नका. तो एक दगड निघाला की लाटेला आत शिरायला दार मिळते.

घरी करून पाहा : विटेचा एक तुकडा मिठाच्या दाट पाण्यात रात्रभर बुडवा आणि दिवसभर उन्हात वाळवा. दुसरा तुकडा साध्या पाण्यात बुडवून तसाच वाळवा. असे पंधरा दिवस रोज करा. मग दोन्ही तुकडे पांढऱ्या कागदावर हलकेच झटका. कोणत्या कागदावर भुकटी जास्त पडते, ते वहीत लिहून ठेवा.