जीवनरक्षक नौकेची प्रतिकृती
लेखांक सातवा : रंग आणि वापराच्या खुणा

गेल्या लेखांकाच्या अखेरीस आपली वॉटसन वर्गाची ४७ फुटी नौका १:२४ या प्रमाणात, म्हणजे सुमारे ६० सेंटिमीटर लांबीची होऊन, पॉलिशकागदाने घासून आणि अस्तराचा पहिला हात घेऊन सिद्ध झाली होती. आता रंगाचे काम हाती घ्यावयाचे आहे. नवशिक्या कारागिराचा येथे जो प्रमाद होतो तो बहुधा हाताचा नसून कल्पनेचा असतो. समुद्रावरची जुनी नौका म्हटली की गंज, पोपडे आणि शेवाळ यांचे चित्र मनात उभे राहते, आणि महिनोन्‌महिने निष्ठेने केलेल्या कामावर तो तपकिरी रंगाचे ओघळ सोडून मोकळा होतो.

जीवनरक्षक नौकेला हे चित्र मुळीच लागू पडत नाही. १८२४ साली सर विल्यम हिलरी यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या आणि पुढे रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन या नावाने ख्यात झालेल्या संस्थेच्या नौका ब्रिटन व आयर्लंडच्या किनाऱ्यांवर बहुतांशी स्वयंसेवकांच्या हाती असतात. कामगिरीवरून परतलेली नौका गोड्या पाण्याने धुऊन, इंधन भरून, पुढच्या हाकेसाठी तत्काळ सज्ज करून ठेवावयाची, हा तेथील शिरस्ता. अशा नौकेचे जुनेपण रोज घासल्या जाणाऱ्या तांब्याच्या हंड्यासारखे असते : कडा झिजलेल्या, हाताळण्याच्या जागा गुळगुळीत झालेल्या, पण अंग स्वच्छ. हे ध्यानी धरले की कुंचला कोठे थांबवावा हे आपोआप कळू लागते.

दुसरा विचार मूळ द्रव्याचा. वॉटसन नौकेचे अंग लाकडी असून त्यावर फळ्यांचे दोन थर परस्परविरुद्ध दिशांनी तिरपे बसविलेले असतात व मध्ये तेलात भिजविलेले कापड असते. सबब, अंगावर जर फळ्यांच्या सांध्यांची अस्पष्ट रेषा दाखवावयाचीच असेल तर ती तिरपी हवी. नाळेपासून पिछाडीपर्यंत आडव्या ओढलेल्या रेषा सुबक दिसल्या तरी त्या दुसऱ्याच जातीच्या होडीच्या आहेत. लाकडी अंगाला गंज चढत नाही. कण्याखालची लोखंडी पट्टी आणि क्वचित एखादी बिजागरी, एवढ्याच ठिकाणी त्याला अधिकार. याउलट पुढील काळातील टाइन वर्गाच्या नौकांचे अंग पोलादी व वरची बांधणी ॲल्युमिनियमची. तेथे ओरखड्याच्या तळाशी गंजाचा एक बारीक ठिपका न्याय्य ठरतो, मात्र तोसुद्धा अंगावरच, वरच्या बांधणीवर नव्हे.

रंगसंगतीविषयी कोणताही निर्णय करण्यापूर्वी आपण कोणत्या ठाण्याची आणि कोणत्या सालची नौका दाखवीत आहोत हे कागदावर मुक्रर करावे. वल्ह्यांच्या व शिडांच्या जमान्यापासून निळा, पांढरा आणि तांबडा या तीन रंगांची परंपरा चालत आली. मोटरनौकांची वरची बांधणी मात्र आधी करड्या रंगाची असे आणि पुढे, दुरून व धुक्यातूनही नजरेत भरावी म्हणून, नारिंगी झाली. एकाच नौकेची दोन छायाचित्रे या कारणाने परस्परविरोधी वाटतात, आणि त्यांतील अर्धे एकातून व अर्धे दुसऱ्यातून उचलले की जी कधीच अस्तित्वात नव्हती अशी नौका तयार होते. जुन्या रंगीत छायाचित्रांवर विश्वास ठेवताना आणखी एक खबरदारी घ्यावी. फिल्म कालांतराने एका बाजूला कलते, म्हणून चित्रातील पांढऱ्या अक्षरांकडे आधी पाहावे. ती पिवळसर दिसत असतील तर निळ्यातूनही तेवढा पिवळेपणा मनाने वजा करावा.

खऱ्या नौकेच्या डब्यातला निळा रंग जसाच्या तसा प्रतिकृतीवर लावला तर तो अधिक गडद आणि जड भासतो. मोठ्या वस्तूकडे आपण अंतरावरून पाहतो व मधली हवा तिचा रंग फिकट करते. लहान वस्तू डोळ्यांजवळ असते. याकरिता निळ्यात फिक्या करड्याचा थोडा अंश मिसळावा, काळ्याच्या जागी गडद करडा वापरावा, आणि मिश्रणाची पारख दिव्याखाली न करता दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी करावी.

नारिंगी रंग स्वभावतः पारदर्शक असतो. करड्या अस्तरावर तो विटकरी होतो आणि मग कितीही हात दिले तरी उजळत नाही. त्याच्या खाली पांढऱ्याचा निर्दोष थर हवाच. तीन पातळ हात, प्रत्येक वेळी आधीचा पुरता वाळल्यावर. फिक्या रंगाकडून गडदाकडे जावे, म्हणजे आधी पांढरा व नारिंगी, नंतर चिकटपट्टीने झाकून निळा आणि शेवटी तांबडी पट्टी. चिकटपट्टीच्या कडेवरून आधी खालच्याच रंगाचा एक हात फिरवला की कड बंद होते व निळा आत झिरपत नाही.

आता वापराच्या खुणा. वॉटसन नौकांपैकी पुष्कळशा घसरणीच्या उतारावरील घरात ठेवलेल्या असत, पाण्यात नांगरलेल्या नव्हेत. अर्थात त्यांच्या जलरेषेवर शेवाळाचा हिरवा पट्टा काढणे हा शुद्ध अन्याय आहे. त्यांची झीज कण्यावर दिसते, कारण प्रत्येक वेळी वंगण लावलेल्या उतारावरून कणाच घासत जातो. तेथे रंग उडून धातूची पट्टी चकचकीत झालेली आणि तिच्या कडेला वंगणाचा काळपट लेप, एवढे दाखवावे. संकटातील जहाजाला बाजू लावताना बाहेरच्या काठाची पट्टी रगडली जाते. तिच्यावर, विशेषतः नाळेच्या दोन्ही अंगांना, कोरड्या कुंचल्याने अस्तराचा रंग किंचित उमटवावा. डेकवर खलाशांची ये-जा जेथे होते ती वाट सभोवतालापेक्षा थोडी फिकी असते. नारिंगी पृष्ठांपैकी आकाशाकडे तोंड असलेली उन्हाने निस्तेज व खडूसारखी होतात, उभ्या भिंतींचा रंग टिकतो. हा फरक एका छटेपेक्षा अधिक नसावा. धुराड्याच्या तोंडाशी काजळीचा पुसट डाग पुरे.

फटींत मुरवावयाचा पातळ तपकिरी रंग तैलरंगापासून टर्पेंटाइनमध्ये करतात, आणि हेच टर्पेंटाइन खालचा एनॅमल रंग सोडवू शकते. म्हणून दोहोंमध्ये ॲक्रिलिक रोगणाचा एक चकचकीत थर घालण्याची तजवीज करावी.

काही वाचक ‘सॉलोमन ब्राउन’ नावाची नौका घडवीत असतील. कॉर्नवॉलमधील पेनली ठाण्याची ही ४७ फुटी वॉटसन नौका १९ डिसेंबर १९८१ च्या रात्री ‘युनियन स्टार’ या जहाजावरील माणसांना वाचविण्यास गेली आणि आठही खलाशांसह नष्ट झाली. तिच्यावर वादळाचे ओरखडे किंवा फुटलेल्या फळ्या दाखविण्याचा मोह कोणाला होऊ नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्या आठ जणांनी तिला जशी राखली होती तशी, धुतलेली व निघण्यास सज्ज, ती दाखवावी. झीज कण्याची आणि काठाची, एवढीच.

एनॅमलचा शेवटचा हात पूर्ण कठीण होण्यास आठवडाभर तरी लागतो. तोवर नौका धुळीपासून झाकून ठेवावी आणि बोट लावून पाहू नये. नावाची व क्रमांकाची अक्षरे चकचकीत रोगणावरच चांगली बसतात; त्यांचा, दोरखंडांचा आणि अखेरच्या अर्धचकाकी रोगणाचा तपशील पुढील लेखांकात येईल.