यंत्राची नोंदवही आणि स्मृतीची गळती

मुळा नदीवरील मुळशीच्या धरणासारख्या धरणाला गळती लागली, तर पाणी बाहेर जाताना दिसते. संगणकाच्या स्मृतीची गळती निराळी असते. तीत बाहेर काहीच जात नाही. कामासाठी घेतलेली जागा परत न केल्यामुळे ती अडकून पडते.

हिंजवडी व माण या मुळशी तालुक्यातील गावांत आज संगणक-उद्योग उभा आहे. तेथील कामात नित्य वापरल्या जाणाऱ्या लिनक्स प्रणालीत ‘सिस्टिमडी-जर्नल्डी’ नावाची एक सेवा असते. शाळेत जशी आवक-जावक नोंदवही, तशी ही यंत्राची नोंदवही होय. कोणत्या कार्यक्रमाने केव्हा काय कळविले, हे ती टिपून ठेवते. बिघाडाचा वा घुसखोराचा माग तीवरूनच लागतो.

दिनांक ९ जानेवारी २०१९ रोजी क्वालिस या संस्थेने या सेवेतील तीन दोष जाहीर केले. त्यांपैकी एक असा : नोंद करताना कार्यक्रमाची आज्ञा एका तात्पुरत्या, मर्यादित जागेत उतरवून घेतली जाई. आज्ञा अतिशय लांब असली की ती त्या जागेत मावत नसे व सेवा कोसळे. उपाय म्हणून आज्ञेसाठी मुख्य साठ्यातून जागा घ्यावयाचे ठरले. परंतु रेड हॅट कंपनीच्या जुन्या आवृत्तीत ही दुरुस्ती बसविताना, काम झाल्यावर जागा परत करण्याची पायरी राहून गेली. एका नोंदीमागे अडकणारी जागा अल्पच. पण नोंदी अखंड होत असतात. यंत्रावर आधीच प्रवेश असलेल्या माणसाने मुद्दाम नोंदींचा भडिमार केला, तर स्मृती संपून नोंदवहीच बंद पडू शके. या नव्या दोषाला सीव्हीई-२०१९-३८१५ हा क्रमांक मिळाला व पुन्हा दुरुस्ती करावी लागली.

वर्गात हे सहज दाखविता येईल. कपाटात दहा पाट्या ठेवाव्यात. प्रत्येक निरोपासाठी एकेक पाटी घ्यावी, निरोप वहीत उतरवावा. पाटी मात्र परत ठेवू नये. अकराव्या निरोपाला पाटी उरत नाही. पाटी फुटलेली नसते, चोरीसही गेलेली नसते. तरी काम थांबते. हाच खेळ पाट्या परत ठेवून पुन्हा खेळावा.

यातून दोन गोष्टी मुलांच्या मनावर ठसतील. घेतलेली वस्तू काम होताच जागेवर ठेवावी. आणि दुरुस्ती झाली म्हणजे काम संपले असे न मानता ती तपासून पाहावी. शाळेतील संगणकावर आलेल्या सुधारणा वेळच्या वेळी बसवून घेणे अगत्याचे आहे, तेही याचसाठी.